हापशी कोण मारणार, हे डिझाइन करणाऱ्याला माहीत हवं

रिसोड घ्या, मालेगाव घ्या, मंगरुळपीर घ्या, वाशिम जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत मशिदीजवळ नाहीतर शाळेच्या आवारात एक लोखंडी हापशी उभी असते. तिचं नाव इंडिया मार्क टू. जगात सर्वात जास्त वापरला गेलेला हातपंप म्हणून ती ओळखली जाते आणि तिची मुळं आपल्याच महाराष्ट्रात आहेत.

1960च्या दशकातल्या दुष्काळात गावोगावी बोअर घेतले गेले. त्यांवर बसवलेले पंप बिडाचे होते, युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी बनलेल्या पंपांच्या नकला. तिकडे एक कुटुंब दिवसाला चार बादल्या काढणार. इथे फजरपासून इशापर्यंत अख्खं गाव रांगेत. सांधे झिजायचे, हँडल मोडायचं, आणि काही वर्षांत यातले बरेचसे पंप बंद पडले. पाणी खाली होतंच, वर येत नव्हतं. बनवणारे अडाणी नव्हते, पण पंप कोण वापरणार, किती वापरणार हे त्यांनी पाहिलेलंच नव्हतं.

मग जालना आणि सोलापूर भागात विहिरी-बोअरची कामं करणाऱ्या लोकांनी स्वतःच दुरुस्त्या सुरू केल्या. बिडाऐवजी पोलाद वापरलं. सोलापूरचा पंप तर एका स्वतःच शिकलेल्या मिस्त्रीच्या डोक्यातून निघाला होता. 1970च्या दशकात युनिसेफ, केंद्र सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीच्या इंजिनिअरांनी तोच पंप पाया धरला, चाचण्या घेतल्या आणि मार्क टू तयार केली. तिच्या हँडलला बॉल बेअरिंग आणि साखळी असते. त्यामुळे आतला दांडा सरळ वर ओढला जातो, झीज कमी होते.

तरी एक अडचण उरलीच. आतला वॉशर बदलायचा तर सगळा पाइप वर काढावा लागायचा, म्हणजे तालुक्याची गाडी आणि पथक यायची वाट बघा. तोवर पाणी लांबून कोण आणायचं? अम्मी आणि पोरी. पुढे मार्क थ्री आली ती याचसाठी. पाइप थोडा रुंद केला, मग पिस्टन वरूनच बाहेर निघू लागला आणि गावातल्या गावात दुरुस्ती जमू लागली. बदल छोटाच, पण त्यासाठी पंप बंद पडल्यावर कुणाचे हाल होतात हे आधी दिसावं लागतं.

इंजिनिअरिंगमध्ये ‘विविधता’ हवी असं म्हणतात त्याचा साधा अर्थ हाच. कुणावर मेहरबानी म्हणून जागा द्यायची, असा विषयच नाही. काम टिकायचं असेल तर वापरणाऱ्यांच्या घरातली माणसं ते आखताना हजर हवीत.

आपल्या जिल्ह्यात हे जास्तच लागू पडतं. वाशिम उंचवट्यावर आहे, इथलं पाणी बाहेर वाहून जातं. काटेपूर्णा आपल्याकडे उगम पावते आणि महानच्या धरणातून अकोला शहराची तहान भागवते. खाली काळा खडक, त्याच्या भेगांत मिळेल तेवढंच पाणी. पाऊसही आता लहरी झालाय.

2019च्या 15 ऑगस्टला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाण्याचं उद्दिष्ट आहे. गावाच्या पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात, असं त्याच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. चांगलं आहे. पण टाकी कुठे, पाइप केवढा, नळ किती वाजता सुटणार हे कागदावर येतं तिथे त्या निम्म्या महिला कुठे असतात? सकाळी दहाला नळ सुटला तर सोयाबीन सोंगायला गेलेल्या बाईच्या घरी घागर कोण भरणार? रमजानमध्ये सहरीच्या वेळी पाणी लागतं, हे वेळापत्रक करणाऱ्याला कोण सांगणार?

मोठ्या संस्थांनाही हे उशिराच उमगलं. आयआयटीत मुलींचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होतं, म्हणून 2018 पासून त्यांच्यासाठी जादा जागा काढल्या गेल्या.

आणि आपल्या वस्तीत? मोटार रिवाइंडिंग, वेल्डिंग, बोअरची कामं करणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. पाण्याच्या वेळा तोंडपाठ असलेल्या पोरीही घरोघरी आहेत. हे ज्ञान नकाशावर उतरवायचा रस्ता मात्र डिप्लोमा-डिग्रीतून जातो, आणि तिथेच, खरं बोलायचं तर, दहावीनंतर पोरीचं नाव मागे पडतं. पैसे नाहीत, हे पहिलं कारण सांगितलं जातं.

त्यावर उपाय आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो, त्यानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती डिप्लोमा आणि डिग्री दोन्हींच्या मुलींसाठी आहे: वर्षाला 50,000 रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि कॉलेज एआयसीटीई मान्यताप्राप्त हवं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून निघायला वेळ लागतो, त्यामुळे निकालाची वाट न बघता त्याचा अर्ज आधीच टाकलेला बरा.