पोटाखालची तारीख

जुनी खेळणी ओळखताना : लेखांक ६

बाजारात शिशाचा जुना शिपाई दिसला, की विकणारा तो लगेच उलटा करून दाखवतो. तळाला इंग्रजी अक्षरं असली तर किंमत सांगतो. नसली तरी सांगतो, फक्त आवाज जरा चढवून : ‘ब्रिटन्स आहे, ओरिजिनल!’ लंडनच्या या कंपनीचं नाव बेवारस शिपायांना असं सर्रास चिकटवलं जातं. शिपाई उलटा करायलाच हवा, पण सगळ्यात शेवटी. आधी तो तळहातावर तोलून पाहायचा.

मागच्या लेखांकात पत्र्याच्या गाड्यांवरचे शिक्के पाहिले. तिथे काम सोपं होतं. पत्र्यावर रंग छापतानाच कारखान्याचं नाव छापता यायचं. ओतीव शिपायावर नाव हवं असेल तर ते साच्यातच कोरावं लागतं, आणि कित्येक कारखान्यांनी ती मेहनत कधी घेतलीच नाही. त्यामुळे इथे अक्षरांआधी ओतकाम वाचायला शिकावं लागतं.

शिपाई नाण्याइतका चपटा असला, तर बहुधा जर्मन परंपरेतला. न्यूरेंबर्ग हे अशा सपाट शिपायांचं माहेर. तिथल्या एर्न्स्ट हाइनरिक्सनने १८३९ मध्ये कारखाना काढला आणि पुढे पायदळाच्या शिपायाची उंची सुमारे ३० मिलिमीटर ठरवली. इतरांनीही तेच माप उचललं. म्हणजे मापावरून परंपरा कळते, कारखाना कळत नाही. त्यासाठी पायाच्या पट्टीवर भिंग धरून कोरलेलं नाव किंवा आद्याक्षरं शोधावी लागतात, आणि ती प्रत्येक शिपायावर असतातच असं नाही.

हातात जड लागला तर तो भरीव. ड्रेस्डेनचा गेओर्ग हायडे आणि पॅरिसचा मिन्यो ही इथली मोठी नावं. हायडेचे शिपाई शिक्क्याविना यायचे, तरी ओळखू येतात. डोकं वेगळं ओतून मानेत खोचलेलं असतं, आणि मऊ धातूचं एकच धड हातापायांना बाक देऊन चालणारं, पडणारं, नेम धरणारं केलेलं असतं. फेब्रुवारी १९४५ मधल्या ड्रेस्डेनवरच्या बॉम्बवर्षावात हा कारखाना संपला. पॅरिसच्याच ल्युकॉतच्या शिपायांवर मात्र सुरेख खूण सापडते : एल आणि सी या अक्षरांच्या मधोमध मधमाशी. मधमाशी हे नेपोलियनचं राजचिन्ह. पॅरिसच्या कारागिराला आपली सही करायला याहून चांगलं काय मिळणार!

हलका लागला, टोपीत बारीकसं भोक दिसलं, तर तो पोकळ ओतकामाचा. खरी गुंतागुंत इथून पुढे.

हे तंत्र खेळण्यातल्या शिपायांसाठी १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन (धाकटे) यांनी बसवलं. शिसं, थोडं अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यात ओतायचा आणि साचा फिरवायचा. भिंतीलगतचा थर थिजला की आतला पातळ रस भोकातून परत बाहेर काढायचा. उरतं ते नुसतं कवच. धातू कमी लागतो, वजन घटतं, किंमत उतरते. भरीव जर्मन मालाला इंग्लंडमध्ये टक्कर मिळाली ती अशी. उंची ठरली ५४ मिलिमीटर, त्या काळच्या एक नंबर गेजच्या खेळण्यातल्या आगगाडीला साजेशी. पुढे संग्राहकांच्या जगात हेच माप प्रमाण ठरलं.

सुरुवातीच्या ब्रिटन्स शिपायांवर कसलंही नाव नव्हतं. नकला निघू लागल्या, कंपनीने नक्कल करणाऱ्यांना कोर्टात खेचलं, आणि १९०० च्या सुमारास शिपायांना कागदी चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात झाली. त्या गळून पडल्या, मुलांनी नखांनी खरवडल्या. नंतर मजकूर साच्यातच कोरला जाऊ लागला. पायदळाच्या तळाशी, आणि घोड्याला पाया नसल्यामुळे स्वारांच्या बाबतीत घोड्याच्या पोटाखाली : कॉपीराइट, विल्यम ब्रिटन ज्युनियर, आणि एक तारीख.

या तारखेने भल्याभल्यांना चकवलं आहे. ती शिपाई ओतल्याची तारीख नव्हे, त्या नमुन्याच्या हक्काची तारीख. साचा टिकला तोवर तीच तारीख घेऊन शिपाई बाहेर पडत राहिले. पोटाखाली १९०१ असलेला घोडा १९०१ पूर्वीचा नाही, एवढंच तिच्यावरून ठरतं. त्यानंतरचा किती, हे नाही. विक्रेते मात्र तीच जन्मतारीख म्हणून छापतात आणि किंमत लावतात. मला यात लबाडीपेक्षा आळस जास्त दिसतो. मजकुरात ‘देपोझे’ (नोंदणीकृत) असा फ्रेंच शब्द आढळला तर तो शिपाई बहुधा ब्रिटन्सच्या पॅरिस शाखेसाठीचा. असे कमी मिळतात आणि म्हणून महाग जातात.

आता कोरा तळ. ५४ मिलिमीटर, पोकळ, नाव नाही. हा ब्रिटन्सचा आरंभीचा शिपाई असू शकतो, आणि शेजारच्या गल्लीतल्या कारखान्याचाही. ब्रिटन्सचे कामगार बाहेर पडून स्वतःची दुकानं थाटत होते. जॉन हिल आणि कंपनी, म्हणजे जोहिलको, अशीच निघाली. चार्ल्स आणि बेंजामिन रीड या भावांची चार्बेन्सही तशीच. तंत्र तेच, हात तेच, बाजार तोच. अशा वेळी चेहरा पाहावा, खांद्याला फिरणारा हात कसा बसवलाय ते पाहावं, घोड्याची चाल पाहावी. नावनिशी पक्की असलेले दहाबारा शिपाई निरखून झाले की डोळा तयार होतो. नुसत्या पुस्तकातल्या फोटोंवर तो होत नाही. त्यातही शिल्पकार कारखाने बदलत. रॉय सेल्विन-स्मिथ यांनी हेरल्डसाठी प्लास्टिकचे शिपाई घडवले, ती कंपनी ब्रिटन्सने घेतली, आणि त्यांचाच हात ब्रिटन्सच्या ‘आजिंकूरचे सरदार’ या संचातही दिसतो.

फसवणुकीची मोठी जागा म्हणजे पुन्हा ओतलेला शिपाई. जुन्या शिपायावरून रबराचा साचा काढून घरगुती ओतकाम केलं, की नमुना हुबेहूब उतरतो, कधीकधी पोटाखालच्या अक्षरांसकट. पण घरी पोकळ ओतणं अवघड, म्हणून नक्कल बहुधा भरीव आणि जड निघते. शिवाय धातू थंड होताना आकसतो. मूळ शिपाई शेजारी ठेवून कॅलिपर लावलं तर नक्कल केसभर बुटकी भरते. खरा पण मोडका शिपाई वेगळा ओळखावा. पोकळ मानेत आगपेटीची काडी घालून तुटलेलं डोकं बसवण्याची इंग्लंडमधल्या घरांतली जुनी रीत होती. काडी सापडली तर मी तरी वाईट मानत नाही. पोकळपणाचा त्याहून चांगला दाखला नाही.

बाकीच्यांची ओळख झटकन होते. धातूचा वाटेना, आतून तार डोकावतेय, वर भेगा पडल्यात, तर तो भुसा आणि सरसाच्या लगद्याचा. तळाशी एलास्टोलिन किंवा लिनिओल हे नाव शोधा. लोहचुंबकाला चिकटला तर अमेरिकेतल्या ग्रे आयर्नचा ओतीव लोखंडी शिपाई असण्याचा संभव मोठा. ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असेल तर काळ आपोआप ठरतो, कारण तिथला अमेरिकी ताबा १९५२ मध्ये संपला.

राहता राहिलं खोकं. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. ब्रिटन्सच्या यादीत ६६ क्रमांकावर होता पहिला बॉम्बे लान्सर्स, म्हणजे मुंबई फौजेचा भालाईत रिसाला. १८१७ मध्ये उभारलेल्या या रिसाल्याला १९०३ च्या फेररचनेत ३१ हा आकडा मिळाला. पहिल्या महायुद्धानंतर तो ३२व्या रिसाल्यात मिसळला आणि १९२२ मध्ये १३ क्रमांकाचा झाला. फाळणीनंतर पाकिस्तानात गेला. खेळण्याच्या खोक्यावरचं नावही पुढे बदललं. म्हणून ६६ क्रमांकाच्या खोक्यावर १३वे लान्सर्स असेल, तर ते खोकं १९२२ च्या आधीचं असूच शकत नाही, विकणारा काहीही सांगो. उलट जुनं नाव दिसलं म्हणून लगेच १९०३ पूर्वीचं ठरवू नये. खेळण्यांचे कारखाने लष्करी हुकमाने लेबलं बदलत नसत.

स्वारांच्या खोक्यात पाच नग असायचे, पायदळाच्या खोक्यात आठ. पाच भरले म्हणून ते पाचही एकाच खोक्यातून निघाले असतील असं नाही. दोन फुटक्या खोक्यांचं एक चांगलं खोकं करणं हा या व्यापारातला जुना उद्योग आहे. ते पकडायचं तर रंगाकडे वळावं लागतं : चकाकी, ब्रशचे फटकारे, मिशांची रेघ. पुढच्या लेखांकात तेच पाहू. तोवर तुमच्याकडचे शिपाई सागवानी किंवा ओकच्या बंद कपाटात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर राखाडी भुकटी धरते. ती धरलीच, तर हाताने पुसू नका, आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.