मालिकेतील रहस्य आणि प्रेक्षकांचा वाद

दूरचित्रवाणीवरील मालिकेचा भाग संपला की घरोघरी जो वाद सुरू होतो, त्याकडे साहित्याचे अभ्यासक सहसा लक्ष देत नाहीत. खून कोणी केला, मेलेली व्यक्ती खरोखर मेली काय, अमक्याचा स्वभाव एकाएकी का पालटला, ह्या प्रश्नांवरची चर्चा म्हणजे फावल्या वेळचे मनोरंजन, असे मानले जाते. परंतु ही चर्चा बारकाईने ऐकली तर एक गोष्ट ध्यानात येते. ‘हे कोणी केले?’ ह्या प्रश्नाचे रूपांतर अल्पावधीत ‘हा माणूस असे करू शकेल काय?’ ह्या प्रश्नात होते. पहिला प्रश्न माहितीचा आहे, दुसरा औचित्याचा. ज्या औचित्याला क्षेमेंद्राने काव्याचे जीवित मानले, त्याचीच पारख येथे शास्त्राचे नावही न घेता चाललेली असते. ह्या वादाचे स्वरूप काही मराठी मालिकांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

क्रमशः येणारी कथा आणि तिची वाट पाहणारा वाचक ही जोडी मराठीला नवी नाही. हरि नारायण आपटे ह्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातूनच प्रकरणशः वाचकांपुढे आली. इंग्लंडमध्ये डिकन्स १८७० साली निधन पावला तेव्हा एडविन ड्रूडची रहस्यकथा अर्धीच राहिली होती, आणि तिचा शेवट काय असावा ह्याविषयीचे तर्क अद्यापही थांबलेले नाहीत. वोल्फगांग इझर ह्या जर्मन समीक्षकाने असे निरीक्षण नोंदविले आहे की, हप्त्याहप्त्याने वाचलेली कादंबरी वाचकांना पुष्कळदा पुस्तकरूपातील त्याच कादंबरीपेक्षा सरस वाटते. कारण उघड आहे. दोन हप्त्यांमधील रिकामी जागा वाचक स्वतःच्या कल्पनेने भरून काढतो.

आपल्या नाट्यशास्त्राच्या परिभाषेत हीच गोष्ट अधिक नेमकेपणाने सांगता येते. कथानकाच्या पाच अर्थप्रकृतींपैकी ‘बिंदू’चे कार्य असे की, मध्येच आलेल्या प्रसंगामुळे मुख्य कथासूत्र तुटल्यासारखे झाले असता त्याने ते पुन्हा जोडून द्यावे. नाटकात हे काम नाटककार करतो. दररोज सुमारे वीस मिनिटे दिसणाऱ्या आणि मग चोवीस तासांसाठी तुटणाऱ्या मालिकेत त्या कामाचा मोठा वाटा प्रेक्षकांच्या चर्चेने उचललेला असतो. काल काय घडले, कोणाच्या बोलण्यात विसंगती होती, कोणती वस्तू जागेवर नव्हती, हे परस्परांना सांगूनच प्रेक्षक सूत्र अखंड ठेवतात. म्हणून हा वाद कलाकृतीच्या बाहेरचा नव्हे. तो तिच्या ग्रहणाचा एक अवयव आहे.

झी मराठी वाहिनीवर २०१६ मध्ये सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. कोकणातील नाईक कुटुंबाचा वाडा, कर्त्या पुरुषाचा, म्हणजे अण्णांचा मृत्यू, त्या निमित्ताने एकत्र आलेली मुले-सुना आणि त्यानंतरच्या अनाकलनीय घटना असे तिचे सूत्र होते. ह्या घटनांचा उलगडा दोन प्रकारे करता येत होता: वाड्यात काही अमानवी वावर आहे, किंवा मालमत्तेच्या आणि जुन्या वैराच्या पोटी कोणी माणूसच हे सारे घडवून आणीत आहे. त्स्वेतान तोदोरोव्ह ह्याने १९७० मध्ये अद्भुत साहित्याची मीमांसा करताना, नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक ह्या दोन स्पष्टीकरणांमध्ये वाचकाचे मन घुटमळत राहणे हेच त्या प्रकाराचे लक्षण मानले. एकट्या वाचकाच्या मनात चालणारे हे घुटमळणे मालिकेच्या प्रेक्षकांत उघड विभागले जाते. एकाच घरात सासू एक पक्ष घेते, सून दुसरा. आणि दोघीही तेच प्रसंग पुरावा म्हणून पुढे करतात.

ह्या विभागणीत केवळ करमणूक पणाला लागलेली नव्हती. ज्या महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेथे वाड्यातील सावली भुताची की माणसाची हा प्रश्न निव्वळ कथेपुरता राहत नाही. रहस्याचा उलगडा कोणत्या बाजूने होतो ह्यावर मालिका कोणत्या समजुतीला बळ देते हेही ठरते. आणि वाद घालणाऱ्या प्रेक्षकाला ह्याची जाणीव असते.

२०१९ मध्ये ह्याच मालिकेचे दुसरे पर्व आले ते पूर्वकथेचे. अण्णांचा शेवट पहिल्या पर्वापासूनच ठाऊक होता. ‘पुढे काय?’ ही उत्कंठा हेच रहस्यकथेचे सर्वस्व असते, तर हे पर्व फिके पडावयास हवे होते. घडले ते उलट. अण्णा आणि शेवंता ही पात्रे चर्चेच्या केंद्रस्थानी आली. शेवंता मोहाला बळी पडली की तिने मोहाचा उपयोग करून घेतला, अण्णांच्या क्रौर्यात थोडेही प्रेम होते काय, सारे समजत असूनही माई गप्प का राहिल्या, असे प्रश्न आता विचारले जाऊ लागले. २०२० मधील ‘देवमाणूस’ ह्या मालिकेत तर गुन्हेगार प्रेक्षकाला आरंभापासून दिसत होता. दिसत नव्हता तो गावकऱ्यांना. येथे कुतूहल गुन्हेगाराच्या नावाविषयी नव्हते, तर इतकी माणसे इतका काळ एका मुखवट्यावर विश्वास कसा ठेवतात ह्याविषयी होते. रहस्याचे खरे अधिष्ठान मनुष्यस्वभाव आहे, हे ह्या दोन उदाहरणांवरून दिसून येते.

ह्यावरून कलाटणीची कसोटीही ठरविता येते. जी कलाटणी मागील प्रसंगांना नवा अर्थ देते ती प्रेक्षक चकित होऊनही स्वीकारतो. निर्वहणसंधीत अद्भुत रस योजावा असे भरताने सांगितले आहे, ते अशाच विस्मयाला उद्देशून असावे. उलट, जी कलाटणी मालिका लांबविण्यासाठीच येते ती मागील प्रसंगांना निरर्थक करते. मालिकेची लांबी आधी ठरलेली नसल्यामुळे तिच्यात गर्भ आणि विमर्श हे संधी फुगत जातात आणि निर्वहण पुढे ढकलले जाते. ‘ह्याला काही अर्थ नाही’ हा वैतागलेला उद्गार पुष्कळदा ह्याच दोषावर बोट ठेवीत असतो.

तथापि प्रेक्षकाचा कौल नेहमीच औचित्याच्या बाजूने पडतो असेही नाही. २००० साली सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ह्या हिंदी मालिकेत मिहिर ह्या पात्राचा मृत्यू दाखविण्यात आला, त्यावर प्रेक्षकांत मोठी हळहळ व्यक्त झाली आणि मिहिर परत आला. येथे ममतेने औचित्यावर मात केली. ज्या प्रेक्षकाने एरवी मृताच्या पुनरागमनाची थट्टा केली असती, त्यानेच ते मागून घेतले. प्रेक्षक हा समीक्षक खरा, पण तो पात्रांच्या घरचा माणूसही असतो. त्याच्या मतात ह्या दोन्ही नात्यांची ओढाताण दिसते, आणि अभ्यासकाने ती तशीच नोंदवावयास हवी.

प्रेक्षकांच्या प्रतिसादाला शास्त्रात स्थान देण्यात भरताने संकोच केलेला नाही. प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना त्याने प्रेक्षकांचे हास्य, त्यांचे प्रशंसेचे आणि हळहळीचे उद्गार ह्यांची गणना केली आणि वाद उपस्थित झाल्यास निर्णय देणारे प्राश्निकही सांगितले. मालिकेला असे प्राश्निक नाहीत. लोकप्रियतेचे आकडे आहेत, पण किती घरांत मालिका लागली एवढेच ते सांगतात. ती का पटली वा का पटली नाही, हे सांगत नाहीत. ते त्या घरातील वादातच असते, आणि उलगडा होताच तो वाद विरून जातो. इतकेच नव्हे, तर खरे उत्तर कळल्यावर ‘मला आधीपासूनच संशय होता’ असे प्रत्येकजण म्हणू लागतो आणि चुकलेले तर्क विस्मृतीत जातात. वस्तुतः ह्या चुकलेल्या तर्कांतच समाजाची मनुष्यस्वभावाविषयीची गृहीतके उघडी पडतात: संशय प्रथम सुनेवर का गेला, नोकरावर का गेला, थोरल्या मुलावर का गेला नाही. ही गृहीतके जाणून घ्यावयाची असतील, तर शेवटचा भाग दाखविला जाण्यापूर्वीच अभ्यासकाने हे वाद टिपून ठेवले पाहिजेत.