पक्षनिरपेक्ष महापौर-निवडणूक

मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे राजकीय पक्षाचे नाव वा चिन्ह न छापता घेण्यात येणारी महापौरपदाची निवडणूक. या पद्धतीत उमेदवार एखाद्या पक्षाचा सभासद असू शकतो. मात्र त्याचे नामनिर्देशन पक्षामार्फत होत नाही. ही पद्धत मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ असून तेथील सुमारे तीन-चतुर्थांश नगरे तिचा अवलंब करतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक मोठ्या शहरांचा कारभार पक्षयंत्रणांच्या व त्यांच्या नेत्यांच्या मुठीत होता. नोकऱ्या व कंत्राटे यांची वाटणी मतांच्या मोबदल्यात होई. याविरुद्ध सुधारणावाद्यांनी चळवळ उभारली व १८९४ मध्ये नॅशनल म्युनिसिपल लीग ही संघटना स्थापन झाली. रस्ते, पाणीपुरवठा व सांडपाणी यांसारख्या नागरी प्रश्नांत राष्ट्रीय पक्षांच्या तत्त्वप्रणालीस स्थान नाही, असा सुधारणावाद्यांचा युक्तिवाद होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी व्यावसायिक नगर-व्यवस्थापकाच्या नेमणुकीबरोबरच पक्षनिरपेक्ष निवडणुकीचाही प्रसार झाला.

कॅलिफोर्निया राज्यात सर्व नगरपदांच्या निवडणुका संविधानानुसार पक्षनिरपेक्ष असतात. सामान्यतः नगरपदाच्या उमेदवारास किमान २० व कमाल ३० मतदारांच्या सह्यांचा अर्ज दाखल करावा लागतो. मतपत्रिकेवर पक्षाऐवजी उमेदवाराचा व्यवसाय मोजक्या शब्दांत देता येतो. नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरविलेल्या वर्णानुक्रमाप्रमाणे लावतात, त्यामुळे आद्याक्षराचा लाभ कायम एकाच उमेदवारास मिळत नाही.

लहान नगरातील अशा निवडणुकीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील कार्मेल-बाय-द-सी येथील १९८६ ची निवडणूक. पाच हजारांहून कमी वस्तीच्या या गावास १९१६ मध्ये नगराचा विधिवत दर्जा मिळाला. व्यापाराची वाढ नगराच्या निवासी स्वरूपापेक्षा दुय्यम राहील, असा नियम तेथे १९२९ मध्येच करण्यात आला होता. पुढे पर्यटकांची संख्या वाढली आणि निर्बंध किती कडक असावेत, हा वादाचा विषय झाला. रस्त्यावर खाण्यासाठी आइस्क्रीमचे कोन विकण्यावर घातलेला निर्बंध या वादाचे प्रतीक ठरला. चित्रपट-अभिनेता क्लिंट ईस्टवुड याचा इमारत बांधण्याचा प्रस्ताव नगरपरिषदेने नाकारला होता. त्यानंतर तो महापौरपदासाठी उभा राहिला. ८ एप्रिल १९८६ रोजी त्याला २,१६६ व विद्यमान महापौर शार्लट टाउनसेंड यांना ७९९ मते मिळाली. महापौराचे मानधन दरमहा २०० डॉलर होते आणि पाच जणांच्या परिषदेत त्याचे मत एकच होते. ईस्टवुड याच्या दोन वर्षांच्या कारकीर्दीत आइस्क्रीमवरील निर्बंध उठविण्यात आला. १९८८ मध्ये त्याने पुन्हा निवडणूक लढविली नाही.

ईस्टवुड रिपब्लिकन पक्षाचा म्हणून ओळखला जाई. तथापि निवडणुकीतील फळ्या पक्षांनुसार न पडता व्यापारवृद्धी व नगररक्षण या प्रश्नावर पडल्या. पक्षनिरपेक्ष पद्धतीचा हा मुख्य गुण होय. तिचे दोषही याच उदाहरणात दिसतात. पक्षाचे नाव नसले म्हणजे उमेदवाराची प्रसिद्धी, संपत्ती व परिचय यांना महत्त्व येते. चार्ल्स एड्रियन या राज्यशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच दाखविले होते, की अशा निवडणुकांत पदारूढ व्यक्तीस फायदा होतो आणि धोरणविषयक चर्चा टाळण्याकडे कल राहतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासातही पक्षचिन्हाच्या अभावी मतदान घटते, असे आढळले. ज्यांना नागरी प्रश्नांची माहिती मिळविण्यास सवड वा साधने नसतात, त्यांच्यासाठी पक्षाचे नाव हीच एक खूण असते. ती नाहीशी झाली, की असे मतदार मतदानापासून दूर राहण्याचा संभव असतो. कार्मेलमध्ये पदारूढ महापौराचा पराभव झाला, तो प्रतिस्पर्धी असाधारण प्रसिद्धीचा असल्यामुळेही होय.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत, तर नगरपरिषदांच्या निवडणुकांत पक्षांना आपली चिन्हे वापरता येतात. ग्रामपंचायतींच्या निकालानंतर मात्र सर्वच पक्ष आपापल्या विजयाचे दावे करतात. मतपत्रिकेवरून पक्षाचे नाव काढल्याने राजकारण संपत नाही. उमेदवाराची पारख करण्याची जबाबदारी मात्र पक्षाकडून मतदाराकडे येते. नगर लहान, प्रश्न परिचित व चर्चा खुली असेल, तेथे मतदार ती अधिक सहजपणे पार पाडू शकतो.