जिवंत आमिषाची संथ मासेमारी
जिवंत मासा आमिष म्हणून गळाला लावून, तो पोहत राहील इतक्या मंद गतीने नौकेमागे ओढत नेण्याची क्रीडा-मासेमारीची पद्धत. अ. सं. सं.च्या आग्नेय किनाऱ्यालगत, विशेषतः फ्लॉरिडा व कॅरोलायना राज्यांत, ती किंग मॅकरेल (स्कॉम्बेरोमोरस कॅव्हाला) या माशासाठी रूढ आहे. हा मासा कोकणातील सुरमईच्याच प्रजातीतील होय.

आमिषासाठी मेनहेडनसारखे लहान मासे वापरतात. नौकेचा वेग ताशी सु. २ ते ४ किमी. ठेवतात, तो वाढल्यास आमिष गरगर फिरून लवकर मरते. किंग मॅकरेल भक्ष्याचा मागील भाग तोडून नेतो, म्हणून एक गळ आमिषाच्या नाकपुड्यांतून ओवतात व दुसरा शेपटीकडे ठेवतात. त्याच्या तीक्ष्ण दातांनी दोरा तुटू नये म्हणून गळांना बारीक तार जोडतात. काही दोरे पृष्ठभागालगत, तर काही वजन लावून खोल सोडतात.

आमिष थकू नये म्हणून गळ लहान घ्यावे लागतात आणि काठीची निवड यावरूनच ठरते. आमिष पकडताच मासा अतिवेगाने दूर धावतो. अशा वेळी काठी ताठ असल्यास लहान गळ मांस फाडून निसटतो. म्हणून सु. २ मी. लांबीची, लवचिक टोकाची, पण बुंध्याशी बळकट काठी निवडतात. रिळावर सु. ३०० मी. किंवा अधिक दोरा असतो. रिळाचा रोध सैल ठेवून माशाला धावू देतात आणि तो थकल्यावरच दोरा गुंडाळतात.