एडिटिंगचं टेबल – ४ : दुसऱ्या प्रोसेसरचे पैसे वसूल होतात का?

अबिट कंपनीने १९९९ साली बीपी६ नावाचा मदरबोर्ड विकायला काढला आणि हौशी संगणकवाल्यांना एक चोरवाट सापडली. सेलेरॉन हा इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर. तो एकट्यानेच चालावा, असा इंटेलचा बेत होता. बीपी६वर मात्र दोन सेलेरॉन शेजारी शेजारी बसत आणि झकास चालत. सर्व्हरसाठी राखीव असलेली चैन घरच्या टेबलावर आली. घोडं अडलं ते पुढे. बहुतेक घरांत विंडोज ९८ होतं आणि त्याला दुसरा प्रोसेसर दिसतच नसे. जोडी कामाला लावायची तर विंडोज एनटी किंवा नंतर आलेलं विंडोज २००० घालावं लागे.

ॲपलच्या गिऱ्हाइकांनाही तोच अनुभव आला. जुलै २०००मध्ये दोन प्रोसेसरचा पॉवर मॅक जी४ आला, पण मॅक ओएस ९ला सगळी कामं दोघांत वाटून देणं जमत नव्हतं. फोटोशॉपसारखी मुद्दाम तशी लिहिलेली मोजकी सॉफ्टवेअरं तेवढी दुसऱ्याला हात लावत. बाकी वेळ तो बसून. २००१ साली मॅक ओएस टेन आल्यावर कुठे त्याला खरं काम मिळालं.

या सगळ्याला साधारण पाव शतक झालं, तरी व्हिडिओ एडिटिंगसाठी यंत्र घेणारा माणूस दुकानात अजून तोच प्रश्न विचारतो : दुसरा प्रोसेसर घ्यावा का? त्याचं कारणही आहे. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेली इंटेलचे दोन झिऑन प्रोसेसर असलेली वर्कस्टेशन्स जुन्या बाजारात बरीच स्वस्त मिळतात आणि अठ्ठावीस कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे अठ्ठावीस भाग, हा आकडा भुरळ पाडणाराच आहे.

हिशेबाची सुरुवात जीन ॲमडाल यांच्यापासून करावी लागते. समांतर यंत्रांना मर्यादा कुठे पडते, हे त्यांनी १९६७ साली दाखवून दिलं. समजा, एका कामाला १०० मिनिटं लागतात. त्यातली ८० मिनिटं वाटून देण्यासारखी आहेत, उरलेली २० एकामागून एकच करावी लागतात. दोन प्रोसेसर लावले तर ८०ची ४० होतात, २० तशीच राहतात. एकूण ६०. पैसे दुप्पट मोजले, तरी वेग पावणेदोन पटही झाला नाही. आणि प्रोसेसर हजार लावले तरी २० मिनिटांच्या खाली उतरता येत नाही.

एडिटिंगमध्ये वाटता न येणारा हा भाग नेमका तिथेच भेटतो जिथे एडिटरचा दिवस जातो, म्हणजे टाइमलाइनवर. एच.२६४ किंवा एच.२६५ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. बऱ्याचशा फ्रेममध्ये आजूबाजूच्या फ्रेमच्या तुलनेत काय बदललं, एवढंच असतं. मधली एक फ्रेम दाखवायची तर ती ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या आधी उलगडाव्या लागतात. म्हणून माउस मागे ओढला की चित्र अडखळतं. एकमेकींवर टेकलेल्या या साखळीत कोअर वाढवून मिळणारा फायदा लवकर आटतो. खरा उपाय आहे तो हे उलगडणं, म्हणजे डीकोडिंग, करण्यासाठीच चिपवर बसवलेल्या वेगळ्या भागाचा.

तालुक्याच्या गावात लग्नाचं मिक्सिंग करणाऱ्या स्टुडिओचं उदाहरण घ्या. कॅमेरा सोनीचा ए७ एस-३, फूटेज एच.२६५, १० बिट आणि रंगाचा तपशील जास्त ठेवणारं ४:२:२. यंत्र म्हणून २०१६चे दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ घेतले, तर २८ कोअर आणि कागदावर २४० वॉट. पण या झिऑनमध्ये ग्राफिक्सचा भाग नाही, म्हणजे क्विक सिंक हा इंटेलचा डीकोडिंगचा भागही नाही. एनव्हिडियाचं कार्ड घालावं, तर ४:२:२ उलगडण्याची सोय त्यांच्याकडे २०२५च्या आरटीएक्स ५० मालिकेत आली. उलट सहा कोअरच्या साध्या आय-५ १२४००मध्ये ती आहे, तीही ६५ वॉटच्या प्रोसेसरमध्ये. मात्र चार पैसे वाचवायला याच प्रोसेसरची ‘एफ’ आवृत्ती घेतली की ग्राफिक्स जातं आणि त्याबरोबर ही सोयही जाते. बिलावरचं ते एक अक्षर नीट वाचून घ्यायला हवं.

दोन सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या दोन जागांचा, छुपा खर्च वेगळाच. मदरबोर्ड खास लागतो, पॉवर सप्लाय दणकट लागतो, रॅमच्या पट्ट्या दोन्हीकडे भराव्या लागतात. प्रत्येक प्रोसेसरची रॅम त्याच्याजवळ असते. दुसऱ्याच्या रॅममधलं काही हवं झालं, तर मधल्या दुव्यावरून आणावं लागतं आणि तिथे वेळ जातो. विंडोज १०ची होम आवृत्ती तर एकाच सॉकेटला ओळखते. दोनसाठी प्रो लागते.

मग दुसरा प्रोसेसर वायाच जातो का? नाही. थ्रीडी ॲनिमेशनचं सीपीयूवरचं रेंडरिंग हे वाटून देण्याला अगदी सोयीचं काम आहे, कारण एका फ्रेमला दुसरीची वाट पाहावी लागत नाही. रात्रभर शेकडो क्लिप एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणाऱ्या स्टुडिओतही जोडी पैसे वसूल करून देते. पण आता तिथेही एकच सॉकेट पुरतं. एएमडीच्या थ्रेडरिपरने २०१७मध्ये एका सॉकेटमध्ये १६ कोअर दिले, २०२०मध्ये ६४.

ॲपलचा प्रवास इथे सर्वात बोलका आहे. २००६पासून मॅक प्रोमध्ये दोन झिऑन मिळत. २०१३च्या नळकांड्यासारख्या मॅक प्रोमध्ये ॲपलने दुसरा प्रोसेसर काढून टाकला आणि त्याऐवजी दोन ग्राफिक्स चिप बसवल्या. २०२२मध्ये जोडी परत आली, पण रूप बदलून. एम१ अल्ट्रा म्हणजे दोन एम१ मॅक्स चिप, सेकंदाला अडीच टेराबाइट वाहून नेणाऱ्या दुव्याने जोडलेल्या. सॉफ्टवेअरला ती एकच चिप दिसते, रॅम दोघींची सामाईक. व्हिडिओ उलगडणारे भागही दुप्पट झाले, आणि एडिटरच्या दृष्टीने हीच खरी कमाई. तरी अमेरिकेत या चिप घातलेल्या मॅक स्टुडिओ संगणकाची किंमत मॅक्ससह १,९९९ डॉलरपासून आणि अल्ट्रासह ३,९९९ डॉलरपासून सुरू होत होती. रॅम आणि साठवणही दुप्पट मिळत होती हे खरं, पण एका वेळी एक-दोन कॅमेऱ्यांचं फूटेज कापणाऱ्याने हा फरक भरावा, असं वाटत नाही. ते पैसे चांगल्या एसएसडीत आणि बॅकअपच्या डिस्कमध्ये घातलेले बरे.

विकत घेण्याआधी हाताशी असलेल्या यंत्रावरच परीक्षा घेता येते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडावा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या आलेखावर उजवी क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दिसतील असं करावं, आणि नेहमीचं फूटेज टाइमलाइनवर पुढे-मागे ओढावं. चित्र अडखळत असताना निम्मे चौकोन रिकामे असतील, तर दुसऱ्या प्रोसेसरने काही साधणार नाही. मग जीपीयूच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख हलतो का ते पाहावं. तो सपाट राहिला, तर खर्च कुठे करायचा हे तिथेच कळतं. एक्स्पोर्ट करतानाही हेच पुन्हा पाहावं. तेव्हा सगळे चौकोन काठोकाठ भरले आणि दिवसाचे कित्येक तास एक्स्पोर्टमध्येच जात असतील, तर जास्त कोअरचा विचार जरूर करावा.

(पुढील आठवड्यात : रॅम किती लागते, आणि कुठल्या टप्प्यानंतर तिचा उपयोग थांबतो)