हळू चालताना धापा का लागतात?

शाळेच्या क्रीडादिनाला स्लो सायकलिंगची शर्यत तुम्ही पाहिलीच असेल. सायकल जोरात पळवणं कुणालाही जमतं; पण पाय न टेकता अगदी सावकाश चालवायची म्हटलं, की भलेभले डगमगतात! होडीच्या मागे लावलेल्या जुन्या आउटबोर्ड इंजिनाचंही नेमकं असंच होतं. खुल्या पाण्यात ते झोकात पळतं. जेटी जवळ आली, वेग कमी केला, की थरथरायला लागतं. फट्... फट्... आणि एकदम गप्प!

यात हसण्यासारखं काही नाही बरं का. कोकणात खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. लाटांचा अंदाज घेत होडी हळूहळू आत आणावी लागते. नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलं, तर होडी लाटेला आडवी होते आणि उलटूही शकते. म्हणून इंजिनाचा हळू चालतानाचा आवाज जाणत्या माणसाने कान देऊन ऐकायचा असतो.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेलं इंजिन. नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली असं इंजिन बाजारात आणलं आणि ते लोकप्रिय झालं. जुनी आउटबोर्ड बहुतेक टू-स्ट्रोक असतात. त्यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं.

आता कोडं असं, की जोरात नीट चालणारं इंजिन हळू का अडखळतं? उत्तर कार्बोरेटरमध्ये आहे. जोरात पळताना पेट्रोल मोठ्या भोकातून येतं. सावकाश चालताना, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत 'आयडलिंग'ला, हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पेट्रोल केसासारख्या बारीक भोकांतून झिरपतं. तिथे कचऱ्याचा एक कण अडकला, तरी इंजिन उपाशी!

मग गुन्हेगार शोधायचा कसा? आधी तीन नियम. सोबत जाणता मोठा माणूस हवाच. पंख्याजवळ हात न्यायचा नाही. आणि पाण्याशिवाय इंजिन चालवायचं नाही, कारण आत गार पाणी खेचणारा पंप रबरी असतो. तो कोरडा फिरला तर लगेच खराब होतो. चौथी गोष्ट डोक्यात पक्की ठेवा : एका वेळी एकच बदल करायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

सुरुवात सोप्या गोष्टीपासून करा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? तो बंद असेल, तर पेट्रोल पुढे सरकणारच नाही. पेट्रोलच्या नळीवर एक रबरी फुगा असतो. इंजिन अडखळत असताना तो दाबल्यावर ते सुधारलं, तर समजा की पेट्रोल पुरेसं पोचत नाही. मग नळीच्या भेगा, सांधे आणि पंप तपासायचे. पेट्रोल जुनं असेल तर तेही संशयितच! महिनोन् महिने पडून राहिलं की त्याचा चिकट थर बसतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२५ साली भारतात त्याचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही.

दुसरा संशयित स्पार्क प्लग. इंजिन बंद करून तो काढायचा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळं आणि ओलं असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. मात्र चालू इंजिनात प्लगच्या वायरीला हात लावायचा नाही. तिथे हजारो व्होल्ट असतात!

तिसरा कार्बोरेटर. तो खोलून साफ करावा लागतो. पण बारीक भोकात तार खुपसू नये. भोक मोठं झालं की पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो किती फेरे उघडा होता, ते वहीत लिहून ठेवायचं. शेवटचं सेटिंग इंजिन गरम असताना, होडी पाण्यात आणि गिअरमध्ये ठेवूनच करतात, कारण खरा भार तेव्हाच पडतो.

चौथा संशयित हवेची गळती. एखादं गॅस्केट फाटलं, की जादा हवा आत शिरते आणि इंजिन मध्येच उगाच जोरात पळतं. ही गोष्ट धोक्याची आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन घासून खराब होऊ शकतो. एवढं करूनही फरक पडला नाही, तर मेकॅनिक सिलिंडरचा दाब मोजतो. दोन्ही सिलिंडरचा दाब जवळपास सारखा हवा. एकाचा फारच कमी निघाला, तर कार्बोरेटर कितीही धुऊन उपयोग नाही!

पुष्कळ जण मात्र शॉर्टकट मारतात. एक स्क्रू पिळून आयडलिंगचा वेगच वाढवून ठेवतात. इंजिन बंद पडायचं थांबतं, पण दुखणं आत तसंच राहतं. त्यातून गिअर टाकताना खाडकन् आवाज होतो आणि त्याचे दात झिजतात. ताप उतरला नाही म्हणून थर्मामीटरच फेकून द्यायचा, तसलाच हा प्रकार!

आता घरी करायचा एक प्रयोग. काचेच्या बाटलीत अर्धं गोडंतेल आणि थोडं पाणी घाला, बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं थांबा. खाली काय बसलं? पाणी! पेट्रोलही पाण्यापेक्षा हलकंच असतं. टाकीतली नळी तळाजवळून पेट्रोल ओढते. मग टाकीत पाणी शिरलं, तर इंजिनाच्या वाट्याला आधी काय येईल, सांगा पाहू? (आणि हो, हा प्रयोग पेट्रोलवर अजिबात करायचा नाही हं!)