थिजलेला रस्सा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. अशा दिवसांत नाशिककडच्या घरात रात्री उरलेला गावरान कोंबडीचा रस्सा सकाळी थलथलीत थिजलेला दिसतो. अनेकजण त्याला नुसती चरबी समजतात. चरबी म्हणजे फक्त वरचा तवंग. खालचा थर जिलेटिनचा.

गावरान कोंबडी हिंडते-फिरते, वयानेही मोठी असते. त्यामुळे तिच्या तंगडीत कोलॅजेन हे चिवट प्रथिन भरपूर असतं. मंद आचेवर तासभर किंवा जास्त शिजलं, की ते सुटून रश्शात उतरतं आणि त्याचं जिलेटिन होतं. छातीच्या मांसात कोलॅजेन कमी, म्हणून तेवढ्याच वेळात ते कोरडं पडतं. ख्रिसमसला अख्खी टर्की भाजणाऱ्यांचीही अडचण नेमकी हीच.

याच रश्शासाठी काळ्या मसाल्याच्या वाटणातलं कांदा-खोबरं आपण भाजतो, तेव्हा घडणाऱ्या एका रासायनिक क्रियेला फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांचं नाव आहे. तिचं वर्णन त्यांनी 1912 मध्ये केलं. खमंग वास मुख्यतः तिचाच. तो तेलात मुरतो.

मात्र मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवणं मला धोक्याचं वाटतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूचे बीजाणू उकळीतही तगतात आणि रस्सा सावकाश निवताना वाढतात. थंडीच्या भरवशावर राहू नका: उरलेला रस्सा उथळ भांड्यांत काढा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना खळखळून उकळा.